उरलेलं अंतर

तिकिटावर वेळ छापलेली आहे :
अल्माटी ते इंचॉन, पाच तास वीस मिनिटं.
अंतर छापलेलं नाही. ते समोरच्या सीटच्या पाठीवर,
बशीएवढ्या पडद्यात :
चार हजार एकशे ब्याण्णव किलोमीटर
आणि एक चिमुकलं विमान, जागचं न हलणारं.
तरी आकडा कमी होत जातो.

शेजारचा येर्झान बूट काढून पाय पोटाशी घेतो.
"लांब कुठे आहे आता, आपा? एक डुलकी."
वादिमही फोनवर हेच म्हणतो, आनसानहून,
कारखान्यातली पाळी संपवून, तोंडात घास :
ये ना आई, लांब कुठे आहे.

माझे वडील ही वाट उलटीकडून आले.
सदतीस साली, वय वर्षं सहा,
गुरांच्या डब्यातून.
कुठे जायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.
डब्याच्या फळीवर त्यांनी खिळ्याने रेघा ओढल्या,
रोज एक. बत्तिसाव्या रेघेला उश्तोबे आलं,
म्हणजे वारा, लव्हाळी, आणि एक टेकडी
जिच्या पोटात बीळ खणून सगळ्यांनी हिवाळा काढला.
किलोमीटर किती, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही.
म्हातारपणी जेवणाच्या टेबलावर
बोटाने रेघा ओढून दाखवायचे.
एकोणिसाव्या रेघेशी बोट थांबायचं.

ओक्दान. धाकटी बहीण, अकरा महिन्यांची.
गाडी कुठेही थांबायची, शिट्टी न देता सुटायची.
त्यांची आई खाली उतरली, हातात पितळी चमचा.
जमीन गोठलेली. चमचा वाकला.
स्टेशनला पाटी होती,
डब्यात रशियन वाचणारं कुणी नव्हतं.
"मी तिला अंतर दिलं," एवढंच ती म्हणायची,
तांदूळ निवडताना, मध्येच,
कुणी काही विचारलेलं नसताना.

चमचा माझ्या पिशवीत आहे.
तपासणीवाल्या पोरीने तो उलटासुलटा केला.
"हे काय?"
"चमचा."
"वाकडा आहे."
"हो."
जाऊ दिला.

उरलेलं अंतर नऊशे सहा.
खाली अजून अंधार. गोबी मागे पडलं असेल.
ती पाटी डावीकडे, उत्तरेला, कुठेतरी.
तिकीट काढताना मी विचारलं होतं,
तिकडून जात नाही का एखादं?
बाई म्हणाल्या, तिकडून कशाला, लांब पडेल.

मग दिवे लागतात. घड्याळं चार तास पुढे करा.
कॅप्टन खुशीत आहे, वारा पाठीशी होता,
आपण बारा मिनिटं लवकर पोचलो.
लोक उठतात, डोक्यावरचे कप्पे उघडतात,
येर्झान माझी पिशवी काढून मांडीवर ठेवतो.
फोन थरथरतो : उतरलीस?

मी पट्टा सोडत नाही.
बारा मिनिटं.
ती गाडी थांबली होती,
तीही साधारण एवढीच.