कार्ड पाडणारा

सव्वीस वर्षं मी जकार्डची कार्डं पाडली,
साखर पेठेत, पत्र्याच्या माडीवर.
पुठ्ठा, पंच, हातोडी.
भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं बसून राहतो.
मोर असो की कमळ,
अख्खी चादर एवढ्या दोनच शब्दांत सांगायची.

सिव्हिलमध्ये नसीम मुजावर मॅडम
तक्त्यावर बोट ठेवून समजावत होत्या.
म्हणालो, मागाच्या भाषेत सांगा.
त्या हसल्या. त्यांचे सासरे टॉवेलवाले.

हा विषाणू म्हणजे नुसता कापडाचा तुकडा.
माग नाही, सूत नाही, मजूर नाही.
रक्तातल्या पहारेकऱ्याच्याच दाराशी येतो.
एक कडी पुरत नाही, दुसरीही लागते,
दोन्ही आपल्याच घरच्या.
आत शिरला की
कापड बघून कार्ड पाडतो.

इथं मी स्टूल पुढं ओढलं.
ही तर माझी कला!
विरलेली चादर घेऊन गिऱ्हाईक यायचं, डिझाइन हरवलेलं,
मी भिंगाखाली धागे मोजत
उलटा चालत कार्डापर्यंत जायचो.
पण मी चुकत नव्हतो.
हा घाईत चुकतो, दर खेपेला एखादं भोक इकडचं तिकडं,
आणि शिपाई जुनाच चेहरा शोधत फिरतात.

राखणदार नाहीत का?
आहेत की, मॅडम म्हणाल्या.
एक जण चोराच्याच कार्डावर भलतीकडं भोकं पाडत सुटतो.
चोर त्याच्या पाठीला ‘भंगार’ अशी चिठ्ठी डकवतो,
आपलीच गाडी आपल्या माणसाला उचलून नेते.
दुसरा बाहेर निघालेलं गाठोडं
उंबऱ्याशी बांधून धरतो. त्याची दोरी कापली जाते.
आणि एक घरचाच, भोळा,
चोराला बोट धरून चालू मागापाशी नेतो,
इथं ओव, इथं.

सुई एकदाच फिरते.
माळेत एक कार्ड वाढतं.
मग माग आपला, वीज आपली,
नक्षी त्याची.

रात्री नऊला गजर होतो.
नरसम्मा विड्यांचं सूप बाजूला सारून पाणी देते.
तिचा रिपोर्ट चांगला आला.
कुठून आणलंस, हे तिनं एकदाच विचारलं.
भिवंडी, म्हणालो.
त्या रात्री ती उजाडेपर्यंत विड्या वळत राहिली.

गोळी कार्ड पाडणारा हात धरते,
ओवणारी सुई अडवते.
ओवलेलं मात्र उसवत नाही.
यंदाच्या कागदावर लिहिलंय, ‘आढळला नाही’.
म्हणजे गेला नाही.
कुठल्यातरी बंद शेडमध्ये, फ्यूज काढलेल्या मागावर
ते एक कार्ड लटकतंय.

तो चुकीची भोकं पाडणारा,
त्याचं नाव काय रे, नरसम्मा विचारते.
मॅडमनी सांगितलं होतं, इंग्रजी अक्षरं, मध्येच एक आकडा.
विसरलो.
आमच्या धंद्यातला होता एवढं लक्षात आहे.
ती म्हणते, मग गोळी घे,
त्याला तेवढीच मदत.