कपात

भिकनच्या पगाराची स्लिप मी पहिल्यांदा वाचली
ती चोपड्याच्या शिवारात, भरिताच्या पार्टीत.
तुराट्यांवर वांगी भाजून झाली होती,
कुणीतरी बडगीत मिरच्या कुटत होतं,
आणि कागद उडू नये म्हणून
त्यानं त्यावर केळीच्या पानाचा देठ ठेवला.

मूळ वेतन अडतीस हजार सहाशे.
महागाई भत्ता त्याच्या निम्मा.
घरभाडं. धुलाई भत्ता,
म्हणजे त्याच्या कपड्यांचा साबणसुद्धा
सरकारच्या हिशेबात होता.
खाली कपाती: भविष्य निर्वाह, गटविमा, व्यवसाय कर.
मला त्या कपातींचाच हेवा वाटला.
प्रत्येकीला नाव होतं,
आणि प्रत्येक कुठंतरी जाऊन
त्याच्यासाठी थांबली होती.

आम्ही दोघं एकाच उस्तादाकडं शिकलो.
एकाच दिवशी जळगावला आठचा आकडा काढून
लायसन घेतलं. त्याचा आठ जरा वाकडाच होता.
मग बांधकाम खात्यात जागा निघाली,
फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मी इंदूरला, गाडी घेऊन.
बस, एवढंच.

मी मदनशेठच्या ट्रकवर. केळी भरायची,
तिसऱ्या दिवशी दिल्लीच्या मंडीत उतरवायची.
चौथ्या दिवशी घड काळा पडतो
आणि शेठ माझ्याकडं बघतो.
पगार अठरा हजार, खेपेचा भत्ता वेगळा,
हिशेब मुनीमजींच्या वहीत,
शेवटच्या पानावर, उलट्या बाजूनं.
त्यातला "उचल" एवढाच शब्द माझ्या ओळखीचा.
शेठ वाईट नाही. पोरीच्या दवाखान्याला
त्यानं न विचारता पैसे दिले होते.
पण न विचारता दिलेलं
न विचारता कापलंही जातं.

पुरी मोडत भिकन म्हणाला, "तुनं बरं शे भो."
सगळे हसले. मी जास्त हसलो.
तेव्हा त्यानं सांगितलं.
जीप पंधरा वर्षांची झाली, भंगारात काढली,
नवी येणार येणार म्हणता अकरा महिने झाले.
रोज दहाला जातो, हजेरी लावतो.
साहेब भाड्याच्या गाडीनं फिरतात,
ती चालवतो कुणी बारा हजारवाला पोरगा,
आणि हा निंबाखाली बसून
किल्ल्यांचा रिकामा जुडगा फिरवतो.
"पगार येस टाईमवर.
पन झोपमा पाय क्लच धुंडतस."

मग हात धुऊन आला, म्हणाला, जरा दे.
ट्रक रिकामाच होता. दिली किल्ली.
तापीच्या पुलापर्यंत गेला तो, आणि परत.
मी बाजूला, क्लीनरच्या जागी.
गिअर बदलताना तोंडानं आवाज काढत होता,
पन्नाशीचा माणूस.
पुलावर विनाकारण हॉर्न वाजवला.
खाली पाण्यात म्हशी होत्या,
एकीनंही मान वळवली नाही.

मला त्याची कीव आली असं समजू नका.
मला त्याच पुलावर म्हणायचं होतं,
ट्रक ठेव तुला, जुडगा मला दे,
निंबाखाली मी बसतो.
दोन हजार पाचच्या आधी लागलेला तो,
जुन्या पेन्शनीतला.
माझं म्हातारपण अजून
कुणाच्याही वहीत चढलेलं नाही.
बोललो नाही.
उतरताना त्यानं स्टिअरिंग रुमालानं पुसलं,
शेजारच्यांचं भांडं परत करताना पुसतात तसं.

महिनाअखेर मुनीमजींनी चष्म्यावरून विचारलं,
डिझेलचा मेळ बसत नाही,
तीस किलोमीटर गेले कुठं?
मी म्हटलं, कापा.
त्यांनी सातशे रुपये कापले,
पेन थांबवून म्हणाले, समोर काय लिहू?
मी म्हटलं, लिहा:
भिकन.