बाकी एक

कोल्हापुरात, उद्यमनगरच्या दुसऱ्या गल्लीत
दस्तगीर शिकलगारांचं शेड.
पत्र्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं:
५१०५११.
मी तिथं हिशेबाला. वाटलं, कुणाची तरी उधारी.

डबा संपल्यावर
पाठकोऱ्या चलनावर भाग घालत बसले.
दोननं, बाकी एक.
तीननं, एक.
पाच, सात, अकरा,
तेरा, सतरा.
दर वेळी तळाशी तोच एक,
ताकाच्या तांब्यात बुडालेल्या मोहरीसारखा.

अलीकडचा, एकानं कमी असलेला आकडा
भलता दिलदार:
दोघांत वाटा, तेरांत वाटा, सतरांत वाटा,
कुणाच्या ताटात कमी नाही, परातीत शिल्लक नाही.
आणि हा, त्याच्याच भिंतीला भिंत लावून राहणारा,
यांतल्या कुणालाच पुरता मिळत नाही.

मी म्हटलं, "चाचा, मूळ संख्या आहे ही. तुटायची नाही."
त्यांनी हात पुसले, चिंधी खिशात कोंबली.
"एकुणिसाचा पाढा येतोय न्हवं?"

आला. आणि तुटली.
२६८६९, खाली पूज्य.
मग सत्त्याण्णव, मग दोनशे सत्त्याहत्तर,
त्यापुढं कुठलंच पातं चालेना.

टेबलावर तीन चक्रं, एकमेकांत गुंतलेली,
तेवढ्याच दात्यांची.
कारखान्याच्या साहेबांनी मागितलं होतं
वीस, शंभर, दोनशे ऐंशी.
सोपं. चौदाशे दाते सरकले की
सगळं पुन्हा पहिल्या जागी.
चाचा अडून बसले:
"त्योच दात त्याच दाताला सारखा गाठ पडला
की खड्डा तिथंच पडतोय, पोरी.
लांबलांबनं भेटू देत.
सगळ्यास्नी सगळे भेटू देत. सारखे झिजतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला
तिन्ही चक्रांवर पांढरा ठिपका लावला, मोटर चालू केली.
लहानग्याचा सेकंदाला एक फेरा.
मी वेळ काढून ठेवली:
तीन वाजून सत्तावीस मिनिटं, एकोणपन्नास सेकंद.

तीनपासूनच जमले:
पॉलिशवाला इराण्णा, चहाचा पोरगा,
शेजारच्या फाउंड्रीतले दोघं, काळे हात पाठीमागं धरून.
लहानगा ठिपका येतोय, जातोय,
मधला त्याच्या मागनं,
मोठा जोतिबाचा डोंगर चढल्यासारखा.

सत्तेचाळीस.
अठ्ठेचाळीस.

तिन्ही सकाळी होते तिथं.
कुणी काही बोलायच्या आत मोडले.

"परत कवा?" चहाच्या पोरानं विचारलं.
"चालू ठेवली तर रात्री. दहा पंचावन्नला."
तो पेले गोळा करायला लागला.

संध्याकाळी चलन फाडलं. नग: तीन.
गडबडीत हाताला तोच कागद लागला होता.
गेटवर शिक्का मारणाऱ्यानं उलटून बघितलं असेल, नसेल;
पाठीवर माझे भागाकार,
सात वेळा बाकी एक,
आणि आठव्यांदा, जरा वाकड्या अक्षरात,
पूज्य.