वंगण

मकरपुरा जीआयडीसी, एप्रिलची चौथी रात्र.
एसी गळतोय बादलीत,
आणि स्क्रीनवर एकच लाल ओळ उरलीय:
खाते ५४०३७० – खर्च-घटक जोडलेला नाही.

दोनशे सतरा खाती निमूट गेली.
पगार पगारात, वीज विजेत.
भंगाराची विक्री तेवढी जरा अडली.
पुण्याहून आलेला सल्लागार म्हणाला होता,
"मॅडम, खात्याला कळतं किती गेले,
घटकाला कळतं कशापायी गेले.
दोघांची गाठ मारा, की मी सुटलो."
दुपारच्या गाडीने तो सुटलाही.

५४०३७०. वंगण व तेल, किरकोळ.
चौबळकाकांच्या हातचं खातं.
दर महिन्याच्या सात तारखेला नऊशे रुपये,
लेथ नंबर चारसाठी.
पुरवठादाराचं नाव नाही,
व्हाउचरवर फक्त अंगठा, निळा, लहानसा.

लेथ नंबर चार तर
मी इथे लागले त्याआधीच मोडीत गेलं.
तेवीस वर्षं त्याला तेल पडतंय.

फोन केला. काका सुभानपुऱ्याला मुलीकडे असतात,
ऐकू कमी येतं.
"लेथ चार?"
मग बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.
"खोडाभाई परमार. शर्टाची बाही अडकली.
कंपनीने कायद्याने द्यायचं ते दिलं, एकदाच.
जशीबेन अजून येते ना, सातला?"

येते.
गेटपाशी बसते, चपला बाजूला काढून.
मला वाटायचं, कँटीनला भाजी देत असेल.

नियम असा, की एका खात्याला एकच घटक.
यादी उलगडत जाते खाली:
कच्चा माल, मजुरी, दुरुस्ती, देणगी –
देणगीला वरची सही लागते,
आणि वर आता धाकटे शेठ बसतात,
त्यांनी चौबळ पाहिलेले नाहीत.
कामगार कल्याण म्हणावं,
तर ते हयात कामगाराचा नंबर मागतं.

बादली भरली. ओतून आले.
वॉचमन म्हणाला, बेन, हजी केटलुं बाकी?
एक, म्हटलं.

वंगण निवडलं. प्रकार: प्राथमिक खर्च.
विभाग: मशीन शॉप.
लाल ओळ गेली. इतक्या लवकर
जाईल असं वाटलं नव्हतं.

ऑडिटर विचारेल, एवढं तेल मुरतं कुठे.
उत्तर अजून तयार नाही.
सातला तीन दिवस आहेत.
नऊशे सुट्टे काढून ठेवायचे,
आणि शाईचा पॅड पार वाळलाय,
तो बघायचा.