वाक्यात उपयोग करा

अशोक चौकाच्या मागं, पत्र्याच्या खोलीत,
रात्रीचे साडेआठ.
बारा बायका, बोटांना अजून तंबाखूचा वास.
फळ्यावर मी लिहिलं : मुरका.

अर्थ सांगितला.
लाज आलेली नसते,
पण आल्यासारखी मान वळते,
ओठ दाबून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.
शिंक येते, घाम येतो, लाजसुद्धा येते;
मुरका येत नाही. मारावा लागतो.
आणि बघणारं कुणीतरी लागतं,
हे मी जरा मोठ्यानं म्हणालो,
कारण शेजारचे माग नेमके तेव्हाच पुन्हा सुरू झाले.

बालामणी येमूल म्हणाली,
आमच्यात सिग्गु असतंय, सर.
एकच. खरं.
खोट्याला कुठनं वेळ आणायचा?
दिवसाला हजार विड्या वळायच्या,
मान खालीच असती,
वळवायची कधी?
सगळ्या हसल्या. मीही हसलो,
आणि गृहपाठ दिला : एक वाक्य.

सोमवारी वह्या आल्या.
'नवी नवरी मुरका मारते.'
सात जणींचं हेच,
एकीचं बघून दुसरीनं, खाडाखोडीसकट.
एकीनं 'मोरका' लिहून
खाली मोर काढला होता, बरा होता.
बालामणीचं पेन्सिलीनं, तिरकं चढत गेलेलं :
'हजारामागं दहा रुपये वाढवा म्हटल्यावर
शेठनी मुरका मारला.'

लाल पेन उघडून मी बसून राहिलो.
हा शब्द बायकांसाठी वापरतात,
असं समासात लिहिणार होतो.
तेवढ्यात शेठ दिसला मला.
गादीवर, अंगठीचं बोट गालाला लावून,
'अगं बायांनो, मी कुठला एवढा मोठा माणूस,'
मान हळूच डावीकडं,
आणि मागं भिंतीवर
नव्या गाडीला हार घातलेला फोटो.

टोपण लावलं पेनाला.
मग पुन्हा काढून बरोबरची खूण केली, जरा लांबलचक.

निघताना तिनं डबा पुढं केला.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही.
मी म्हणालो, छे छे, कशाला.
म्हणालो, जेवून आलोय. आलो नव्हतो.
म्हणालो, अहो खरंच नको,
आणि खुर्चीवरून काही उठलो नाही.

झाकण हातात धरून ती उभी.
'सर,' म्हणाली,
'मुरका बास.'