आटे

अकरा नंबरचं खोकं उघडलं तेव्हा
गोदामात थंडी होती, म्हणजे हीटर बंद होता, एवढंच.
झाकणावर त्यांचं अक्षर :
“उतरण्याच्या पायांसाठी. मध्ये उघडू नये.”
आम्ही मध्येच आहोत.
एकशे त्रेचाळीस वर्षं मागे, एकशे नव्वद पुढे.

आत बोल्ट. दोनशे सोळा. तेलकट कागदात
तान्ह्यांसारखे गुंडाळलेले.
मी एक उचलला, आमच्या लेथवर कातलेला नट लावला.
दीड फेरा गेला आणि अडला.
दुसरा. तोही अडला.
नहुएल म्हणाला, कचरा असेल, सौले, पुसून बघ.
पुसला.
कचरा नव्हता.

मग तीन रात्री मापांची वही चाळत बसले.
पृथ्वीवरून आलेलं गेज सत्ताविसाव्या वर्षीच्या आगीत वाकलं.
त्याची नक्कल केली करीमा तुलेगेनने, आठवणीतून आणि कागदावरून.
तिच्या नकलेवरून तिच्या जावयाने,
त्याच्यावरून माझ्या वडिलांच्या गुरूने,
मग वडिलांनी, मग मी.
प्रत्येकाने समासात लिहिलंय : “तंतोतंत.”
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
केसाच्या दहाव्या हिश्शाएवढं
ज्याच्या-त्याच्या हातून सुटलं,
आणि सुटलेलं एकाच बाजूला सुटत गेलं.

आमची दारं आमच्या चौकटींत बसतात,
आमचे पाने आमच्या नटांना.
घरात कधी काही अडलं नाही
म्हणून कळलं नाही
की सगळं घरच सरकलंय.

सभा भरली.
ओराझ म्हणाला, बोल्टच कानसून बारीक करा.
तरुण म्हणाले, पायच नव्याने ओतू.
धातू कुठला? मी विचारलं.
यादी काढली. धातू म्हणजे चौथ्या मजल्यावरचे पाळणे.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
शेवटी मागून आवाज आला : पुढचे बघतील.
लोक हसले.
या यानातला सगळ्यात जास्त वापरलेला सुटा भाग
म्हणजे हे वाक्य.

मला राग आला खोकं भरणाऱ्यांचा.
स्तेपीवरच्या त्यांच्या कारखान्याबाहेर वारा होता,
संध्याकाळी सुटी होती.
त्यांनी आमचं सगळं ठरवलं : माणशी किती पाणी,
किती मुलं, कुठल्या वर्षी किती मरतील त्याचा तक्ता,
आणि एवढं नाही सुचलं
की गेज दोन द्यावीत.

तळाशी कानस सापडली.
एकच. मूठ लाकडाची,
अंगठ्याच्या जागी झिजलेली.
यादीत तिचं नाव नाही.
कुणी विसरलं, की कुणी मुद्दाम ठेवली?
प्रश्न जाऊन उत्तर यायला नऊ वर्षं लागतील,
आणि तिथे आता त्या अंगठ्याला ओळखणारं कोण असेल?
मिलारायने, नऊ वर्षांची आहे, माझ्याकडे शिकते,
त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला.
मावून जागा उरली.
म्हणाली, चूक कोण, बोल्ट की नट?
म्हटलं, हात धू, कामाला लाग.

एक बोल्ट खर्ची घातला.
त्याच कानशीने त्याच्या अंगावर तीन उभ्या खाचा पाडल्या,
टोक निमुळतं केलं.
आता तोच आटे पाडतो, त्यांच्या मापाचे,
आमच्या मऊ धातूत.
दिवसाला तीन नट होतात. चौथ्याला मनगट दुखतं.
पहिला नट बोल्टावर फिरत फिरत शेवटापर्यंत गेला
तेव्हा मिलाराय टाळ्या वाजवायला लागली,
मी तिला गप्प केलं, का कोण जाणे.

दोनशे पंधरा झाले.
या यानात कशालाच न बसणारे
दोनशे पंधरा परके नट.
थोडे हलतात. उतरताना खडखडतील.
वहीत या वेळी “तंतोतंत” लिहिलं नाही.
लिहिलं : एक बोल्ट कमी आहे, तो मी घेतला.
खडखडलं तर घाबरू नका. खाली सही केली.

आणि झाकण लावताना
त्यांच्या अक्षरातलं “उघडू नये” खोडून
वर लिहिलं :
मध्ये उघडत जावं.