हरकत

कुपवाडच्या एमआयडीसीचं कुंपण जिथं संपतं
तिथून पाच फुटांवर आमची यशोधन कॉलनी सुरू होते.
मधल्या पाच फुटांत एक गटार, एक कडुनिंब
आणि कुणाचीच नसलेली एक कोंबडी,
जिला आम्ही सवयीनं पांढरी म्हणतो.

अक्षर बरं म्हणून अर्ज मलाच लिहायला सांगितला.
विषय : भाग्योदय कास्टिंगच्या भट्टीची काजळी.
खाली बेचाळीस घरांच्या बेचाळीस रेघा मारल्या
आणि रविवारी निघालो, खिशाला पेन अडकवून.

राजमती चौगुल्यांनी आधी दोरीवरचा पंचा दाखवला,
मग कढीपत्त्याचं पान पुसून
ते बोट माझ्यापुढं धरलं.
'लिवा, सांडगं घालायची सोय ऱ्हायली न्हाई.'
सही करता करता थबकल्या.
'वरच्या खोलीत दोन पोरं हायत भाड्यानं, जतची.
तितंच कामाला जात्यात.
ह्येच्यापायी त्यास्नी काढणार न्हाईत न्हवं?'

मैनुद्दीन जमादार रात्रपाळी करून झोपलेले.
मोरीत त्यांचा खाकी शर्ट भिजत होता,
बादलीत दौत उपडी केल्यासारखं पाणी.
उठल्यावर विचारते, म्हणाल्या भाभी,
आणि दार हळू लावलं, कडी न वाजवता.

कोष्टी सरांनी शुद्धलेखन तपासलं.
'त्रास' खोडून 'उपद्रव' केलं. लपेटदार सही.
मग चप्पल घालून फाटकापर्यंत आले :
'जावयाचं लेथ मशीन आहे पलीकडच्या प्लॉटवर,
याच भट्टीचा माल घासतो.
अर्ज पोचला नाही तरी चालेल, असंही वाटतं बघा.'

उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा.
तेव्हा हळदीच्या पॉलिशचा वास येतो,
नाकात चुरचुरतो. त्याबद्दल अर्ज नाही.
दिवाळीनंतर तो दंडोबाच्या अंगानं फिरतो
आणि भट्टी आमच्या ताटाशेजारी मांडी घालून बसते.
वाऱ्यालाही पाळ्या आहेत.
फक्त साप्ताहिक सुट्टी नाही.

एकोणिसाव्या घरात शेवंता ऐवळे.
कोअर शॉपला आहे, वाळूचे साचे करते.
तिनं अर्ज हातात घेतला आणि सगळा वाचला.
आतापर्यंत कुणीच वाचला नव्हता.
'दोरीवरल्या कापडांचं लिवलंय,' ती म्हणाली,
'पापडाचं लिवलंय, गाडीच्या सीटचं लिवलंय.
आत जी माणसं हायत, त्येंचं?'
मी पेनचं टोपण लावलं, काढलं.
चहा आला. साखर जास्त.
'लिवा. भट्टीवरचा धूर वढायचा पंखा
आषाढापासनं बंद हाय.
धूर वर जात न्हाई, म्हणून तुमच्याकडं येतोय.
आदी आमच्यात येतो.'

समासात जागा होती. तिथं उभं लिहिलं.
संध्याकाळी जमादार स्वतः आले, बनियनवर.
समासातली ती ओळ बोट फिरवून वाचली,
खिसा चाचपला, चष्मा नव्हता,
रेघ सोडून भलतीकडंच सही केली.

सत्तावीस सह्या. पंधरा 'बघू'.
माझी रेघ सगळ्यात शेवटी, रिकामी.

सोबत घरपट्टीची पावती जोडायची होती.
रात्री लोखंडी पेटी उपसली.
पावतीच्या खाली एक जुना करारनामा,
कडेनं पिवळा पडलेला, चार टाचण्या गंजलेल्या :
'शेजारील कारखान्याबाबत
माझी कोणतीही हरकत नाही व राहणार नाही.'
एकरकमी चाळीस हजार कमी पडत होते तेव्हा
एजंट म्हणाला होता, एवढं लिहून द्या,
दर खाली आणतो.

पलीकडं दुसरी पाळी सुटली.
सायकली, स्कूटर, कुणीतरी खोकत थुंकलं.
मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.
तेच अक्षर. तेव्हाही बरंच होतं.